पासष्टीनंतर कोणता व्यायाम धरावा: इंटरव्हल, वजनं की रोजचं चालणं?

व्यायामाने जनुकं बदलतात, आणि दम लागेपर्यंत केला तर जास्तच बदलतात, असे फॉरवर्ड अधूनमधून येत असतात. जन्मतः मिळालेली जनुकं आहे तीच राहतात. स्नायूंच्या पेशींत कोणत्या जनुकाचं काम वाढतं आणि कोणाचं मंदावतं, तेवढं व्यायामाने बदलतं. स्वतःसाठी किंवा घरातल्या ज्येष्ठांसाठी व्यायाम निवडताना ही माहिती कामाची आहे, पण तिच्यामागचे आकडे आधी नीट वाचले पाहिजेत.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या गटाने केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. 18 ते 30 आणि 65 ते 80 अशा दोन वयोगटांतल्या माणसांकडून 12 आठवडे व्यायाम करून घेतला आणि आधी-नंतर मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. पहिला गट इंटरव्हलचा, म्हणजे थोडा वेळ जोर आणि थोडा वेळ सावकाश असा आळीपाळीचा व्यायाम. त्यांना आठवड्यातून 3 दिवस सायकल: 4 मिनिटं जवळपास पूर्ण जोर, 3 मिनिटं बिनभाराचे पेडल, अशा 4 फेऱ्या. उरलेले 2 दिवस ट्रेडमिलवर चालणं. ही चालण्याची बाब बातम्यांत हमखास गळते. दुसऱ्या गटाला फक्त वजनं, तर तिसऱ्याला मध्यम गतीची सायकल आणि जोडीला थोडी कमी वजनं.

ज्येष्ठांमध्ये इंटरव्हलनंतर जवळपास 400 जनुकांचं काम बदललेलं दिसलं. वजनांच्या गटात 33, मिश्र गटात 19. मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांची क्षमता इंटरव्हलने तरुणांत 49 टक्के वाढली, ज्येष्ठांत 69 टक्के. इथे बरेच जण वाचन थांबवतात आणि निकाल लावून मोकळे होतात.

पण त्याच संशोधकांचा पुढचा निष्कर्ष या आकड्यांची हवा काढून घेतो. जनुकांच्या कामातले बदल आणि प्रत्यक्ष प्रथिनांतले बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या डीएनएवरच्या रासायनिक खुणाही (मिथाइल खुणा) थोड्याच हलल्या. खरा फरक पुढच्या पायरीवर, प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेत पडला. हॉटेलात ऑर्डरच्या चिठ्ठ्या किती फाटल्या यावरून ताटं किती वाढली हे कळत नाही, तसंच काहीसं. म्हणून 400 विरुद्ध 33 हा गुणफलक मानू नये. इंटरव्हलची बाजू भक्कम आहे ती मायटोकॉन्ड्रियांची प्रथिनं आणि त्यांचं काम खरोखर सुधारलं म्हणून.

वजनांच्या बाजूनेही जुना पुरावा आहे. 2007 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी सरासरी सत्तरीच्या निरोगी माणसांकडून सहा महिने, आठवड्यातून दोनदा वेट ट्रेनिंग करून घेतलं. वयाबरोबर ज्यांचं काम बिघडलं होतं अशा 179 जनुकांचं काम तरुणांच्या दिशेने परत फिरलं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो ताकदीचा आकडा: सुरुवातीला ही मंडळी तरुणांपेक्षा 59 टक्के कमजोर होती, शेवटी 38 टक्के. मेयोच्या अभ्यासात नुसत्या वजनांनी दमसास मात्र वाढला नाही. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद तिन्ही गटांत सुधारला, त्यामुळे मधुमेहाची काळजी एवढंच कारण असेल तर जे नियमित होईल ते निवडा.

आयुष्य वाढतं का? नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात 70 ते 77 वयाच्या 1567 जणांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. पाच वर्षांत मृत्यू इंटरव्हल गटात 3 टक्के, मध्यम व्यायामाच्या गटात 5.9 टक्के आणि तुलनेच्या गटात 4.7 टक्के. ‘इंटरव्हल जिंकलं’ असं म्हणायचा मोह होतो. पण इंटरव्हल आणि तुलनेचा गट यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. शिवाय तुलनेच्या गटालाही रोज अर्धा तास हालचाल करण्याचा सल्ला होताच.

आता निवड. खाली बसून उठताना हाताचा टेकू लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो, त्यांनी आधी वजनं धरावीत. रबरी पट्ट्या किंवा खुर्चीवरून उठ-बस यानेही सुरुवात होते. बागेत वर्षानुवर्षं एकाच चालीने फेऱ्या मारणाऱ्यांना इंटरव्हलमधून सर्वांत जास्त मिळेल असं मला वाटतं, कारण त्यांचं शरीर त्या चालीला सरावलेलं असतं. गुडघे कुरकुरत असतील तर पळण्यापेक्षा जिममधली स्थिर सायकल बरी. आणि जे काहीच करत नाहीत त्यांनी जनुकांचा विचार सोडून महिना-दोन महिने नुसतं चालावं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, 2 दिवस स्नायूंचा आणि पासष्टीनंतर 3 दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते; हा तोलाचा भाग आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही.

जोर किती, हे बोलण्यावरून ओळखता येतं. चालताना गप्पा जमतात पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम गती. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की तो जोराचा व्यायाम. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर घड्याळावरच्या ठोक्यांवर जाऊ नका; ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही, त्यामुळे दमछाक होऊनही आकडा शांत दिसतो. छातीत दुखण्याचा त्रास, अँजिओप्लास्टी, अनियंत्रित रक्तदाब यांपैकी काही असेल तर इंटरव्हलआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा आणि ‘व्यायाम करू का’ असं मोघम न विचारता ‘4 मिनिटं पूर्ण जोराने सायकल चालवू का’ असं नेमकं विचारा.