आठ महिने स्कॅनर वापरला, गिअरबॉक्स वाचला, तरी तक्रारी आहेतच

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. गाडी युरोपियन, डिझेल, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनचं बळ ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) ऑटोमॅटिक, दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली आणि आधीच्या मालकाने गिअरबॉक्सला कधी हात लावला असेल असं अजिबात वाटत नाही. गाडीचं नाव घेत नाही आणि स्कॅनरचंही नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाहीये. गाडीवाल्या कंपनीचे कंट्रोलर, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, आतपर्यंत वाचणारा स्कॅनर स्वतःकडे असून गिअरबॉक्सच्या भानगडीत नेमका किती उपयोग होतो, एवढंच सांगायचंय.

सुरुवात अशी झाली की सकाळी पहिल्यांदा डी टाकला की एक-दोन सेकंद काहीच नाही आणि मग मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखा झटका. सिग्नलला हळू होत होत थांबताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना धप्प. आणि साठ-सत्तरच्या स्पीडला पाय हलका ठेवला की गाडी खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरायची, मी बिनडोकासारखा दोनदा व्हील बॅलन्सिंग करून आलो. मग एक दिवस चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आरपीएम भसकन वर, गाडी जागच्या जागी, डॅशवर गिअरबॉक्सचं चिन्ह आणि पुढचं सगळं अंतर एकाच गिअरमध्ये. लिम्प मोड, म्हणजे गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. एका गॅरेजने वायर लावली, स्क्रीनकडे दोन मिनिटं बघितलं आणि मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सच्या आतला कंट्रोलर आणि ऑइलचे व्हॉल्व्ह एकत्र असलेला भाग) गेलं, कन्व्हर्टरही बदलावा लागेल, असं सांगून मोकळे. ऑइल बघितलं का विचारलं तर म्हणे याला ऑइल लाइफटाइम असतं.

घरी आधी एक साधा ब्लूटूथ रीडर पडलेला होता, तो लावला तर फक्त पी०७००. आता हा कोड वाचून लोक घाबरतात पण त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनच्या कंट्रोलरला म्हणतोय, माझ्याकडे काहीतरी नोंद आहे, तू दिवा लाव. नोंद काय आहे ते इथे दिसत नाही. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून जे ईओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवायची युरोपियन पद्धत) सक्तीचं झालं ते मुळात धुरासाठी, प्रदूषणासाठी. त्यामुळे इंजिनचं बरंचसं साध्या रीडरला वाचता येतं पण गिअरबॉक्सच्या पोटातलं वाचायला त्या त्या कंपनीची भाषा येणारं यंत्र लागतं. म्हणून हा दुसरा घेतला.

पहिल्याच दिवशी बारा कोड निघाले, एबीएस, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, दाराचं कंट्रोलर, सगळ्यांनी रडगाणं लावलेलं. त्यातले निम्मे व्होल्टेज कमी असल्याचे. लाइव्हमध्ये बघितलं तर स्टार्टर मारताना बॅटरी ८.९ व्होल्टपर्यंत खाली जात होती. नवीन बॅटरी टाकली, ती गाडीत रजिस्टर करावी लागते ते काम स्कॅनरनेच केलं, सगळे कोड पुसले आणि आठवडाभर गाडी चालवली. दोनच परत आले, दोन्ही गिअरबॉक्सचे, पी०७३४ म्हणजे चौथ्या गिअरचं रेशो जुळत नाही आणि पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडणारा आतला क्लच) नीट बसत नाही. भुतं गेली, खरा आजार उरला. बॅटरी न बघता थेट गिअरबॉक्स उघडणाऱ्यांची मला आता भीतीच वाटते.

इथे एक गाढवपणा केला तोही सांगतो. अ‍ॅपमध्ये अ‍ॅडॅप्टेशन रिसेट असं गोड बटण आहे. गिअरबॉक्स क्लच किती झिजलेत, किती प्रेशर द्यायचं हे चालता चालता शिकत असतो आणि हे बटण ते शिकलेलं सगळं पुसतं. मला वाटलं मोबाइल रिस्टार्ट केल्यासारखं असेल, दाबलं. ऑइल जुनंच, कमी, आणि बिचारा जे काही सांभाळून घेत होता तेही विसरला. पुढचा आठवडा प्रत्येक गिअरला दणका, बायको म्हणाली तू दुरुस्त करतोयस की मोडतोयस. अ‍ॅपने एक साधी सूचनासुद्धा दिली नाही, फक्त ओके. याचा एक स्टार मी कापलाय.

आता जिथे पैसे वसूल झाले ते. लॉगिंग. इंजिनचे आरपीएम, कन्व्हर्टरमधल्या गिअरबॉक्सकडच्या टर्बाइनचे (पात्यांच्या चाकाचे) आरपीएम, ऑइलचं तापमान आणि चालू गिअर, एवढ्या चारच रेघा मी लावल्या. लॉकअप लागलं की इंजिन आणि टर्बाइन जवळपास बरोबरीने फिरायला पाहिजेत, थोडा फरक चालतो. माझ्याकडे सत्तरच्या स्पीडला इंजिन १,७०० वर सरळ रेघ आणि टर्बाइन १,६८० वरून १,५८०, परत वर, परत खाली, करवतीच्या दातांसारखं. थरथर जाणवते तेव्हा बरोबर तेच दात. व्हील बॅलन्सिंगचा विषय तिथेच संपला. दुसरी गोष्ट फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचा फोटोच समजा. पी०७३४ पडला तेव्हा ऑइल ९४ डिग्री, चौथा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. म्हणजे तो चढच. क्लच कायमचा जळलेला असता तर सपाट रस्त्यावरही घसरला असता असा माझा हिशोब होता (चुकलाही असता). चढावर ऑइल मागे सरकतं आणि आधीच कमी असेल तर पंप हवा ओढतो.

हा लॉग घेऊन दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी लॉगकडे नीट बघितलंसुद्धा नाही, आधी खालचं प्लास्टिकचं कव्हर काढायला लावलं. कव्हरच्या आतल्या बाजूला ऑइलचं तळं साचलेलं. जमिनीवर कधी थेंब पडला नाही कारण सगळं त्या कव्हरने झेललं. वायरिंगचा मोठा कनेक्टर जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथल्या स्लीव्हचे रबर कडक होऊन झिरपत होते. भरायचा बोल्ट त्यांनी आधी सोडवून बघितला, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं ऑइल काढून झाल्यावर भरायचा बोल्ट निघाला नाही तर गाडी तिथेच उभी. मग ड्रेन केलं. काळं, करपल्याचा वास, आणि निघायला हवं त्यापेक्षा लिटरभर तरी कमी. पॅन काढला तर लोहचुंबकांवर राखाडी लगदा होता पण धातूचे तुकडे नव्हते. मेकॅनिकनी लगदा दोन बोटांत चोळून दाखवला, काजळासारखा मऊ, म्हणाले हा चालतो, बोटाला टोचलं असतं तर मी पॅन परत लावून तुम्हाला घरी पाठवलं असतं.

फिल्टर पॅनमध्येच बसवलेला असतो त्यामुळे अख्खा पॅन नवा, स्लीव्ह नवी, मेकाट्रॉनिक खाली उतरवून त्याच्या आणि गिअरबॉक्सच्या मधली सील नवी. मेकाट्रॉनिक तेच जुनं परत लावलं. मग लेव्हल, आणि इथे माझा स्कॅनर खरा हिरो झाला. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी लेव्हलमध्ये उचललेली, इंजिन चालू, ब्रेक दाबून आर आणि डी मध्ये थोडा थोडा वेळ धरून परत पी, आणि ऑइल ४० डिग्रीच्या आसपास असताना भरायच्या भोकातून बारीक धार यायला पाहिजे. मी आत बसून आकडे ओरडत होतो, एकतीस, चौतीस, सदतीस, आणि खालून ते भरत होते, एकोणचाळीसला म्हणाले आली धार, मग थेंब थेंब झाली तसा बोल्ट लावला. गरम गाडीवर अंदाजाने लेव्हल केली तर फुगलेलं ऑइल वाहून जातं आणि गार झाल्यावर परत कमीच भरतं. त्या लाइफटाइमबद्दल एवढंच, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांत ऑइल बदला म्हणते.

मग अ‍ॅडॅप्टेशन रिसेट, यावेळी योग्य वेळी. पहिले दोन दिवस जरा अडखळला आणि मग लोणी. पॅनमधून निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून २,००० किलोमीटरनंतर परत एकदा बदललं. आज पाच महिने झाले, टर्बाइनची रेघ इंजिनच्या रेघेला चिकटून, फरक दहा-वीसचा. कोड एकही नाही. सिग्नलचा धप्प गेला. गार असताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना अजून बारीक ठक होतं, ते जाईल असं वाटत नाही, मीही नाद सोडलाय.

ड्युअल क्लचवाल्यांनी माझं वाचून कन्व्हर्टर शोधत बसू नका, तुमच्याकडे तो सहसा नसतोच. तुमचं थरथरणं बहुतेक वेळा क्लचचं असतं आणि तिथे बघायचे आकडेही वेगळे.

तक्रारी: अ‍ॅपमधली नावं जर्मन शब्द अर्धवट कापल्यासारखी, टर्बाइनचा आरपीएम कोणता हे शोधायलाच माझी एक संध्याकाळ गेली. ब्लूटूथ मधेच तुटतं आणि तुटलं की तोवरचा लॉग गायब. वर्षाची वर्गणी संपली की फक्त कोड दिसणार, लाइव्ह नाही, हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. आणि हे यंत्र पोर्टला लावून ठेवलं तर गाडी नीट झोपत नाही, तीन दिवस विसरलो तर नवी कोरी बॅटरी पार उतरली आणि डॅशवर परत तेच सगळे दिवे, छातीत धस्स झालं ते वेगळंच. आता ते डिकीत असतं.