बॅकग्राउंड प्रोसेसेसची छाटणी : आठ महिन्यांनंतर

संगणक सुरू केला की मिनिटाभरात डेस्कटॉप दिसायचा, पण तो नुसता बघण्यापुरता. माउस हलायचा, फोल्डर मात्र उघडायचा नाही. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि ते चार-चार मिनिटं खाली यायचं नाव नाही. यंत्र काही वर्षांचं जुनं, विंडोज ११ वर नेलेलं, ८ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. नवीन घेण्याआधी मागे नको ते काय काय चालतंय ते तरी कमी करून बघू, असं ठरवून बसले. त्याला आठ महिने झाले.

पहिला महिना वाया गेला, आणि तो माझ्याच चुकीने. मी प्रोसेस, म्हणजे मागे चालू असलेली कामं, मोजत बसले होते. रिकाम्या संगणकावर १८७! मग १७९, मग १७१, आणि प्रत्येक वेळी उगाच आनंद. त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी विंडोजच्या स्वतःच्या, ‘सर्व्हिस होस्ट’ नावाच्या. सर्व्हिस म्हणजे खिडकी न दाखवता मागे काम करणारा प्रोग्राम. पूर्वी एका सर्व्हिस होस्टमध्ये अशा बऱ्याच सर्व्हिसेस एकत्र नांदायच्या. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेसना स्वतंत्र बिऱ्हाड मिळतं. एक कोसळली तर बाकीच्यांना धक्का लागू नये आणि संगणकाची ताकद नेमकी कोणती सर्व्हिस खाते ते कळावं, म्हणून. म्हणजे आकडा फुगला तरी काम तेवढंच. हे कळल्यावर मी मोजणं सोडलं.

रॅमचंही तसंच. विंडोज मोकळ्या रॅममध्ये नुकत्याच वापरलेल्या फायली धरून ठेवतं आणि गरज पडली की जागा लगेच सोडतं. ‘रॅम साफ करून देतो’ म्हणणारं एक सॉफ्टवेअर मी तीन दिवस ठेवलं. ते स्वतःच दिवसभर मागे चालत होतं. काढून टाकलं.

मग मोजायचं काय? विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’ नावाची एक नोंदवही असते. त्यात १०० क्रमांकाच्या नोंदीत संगणक सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत मिळतो, आणि त्यात डेस्कटॉप दिसल्यानंतरची धावपळही धरलेली असते. माझा आकडा होता २ लाख ८६ हजार, म्हणजे पावणेपाच मिनिटं. इथेही एक मेख आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, म्हणजे आहे त्या स्थितीत डिस्कवर साठवला जातो, पूर्ण बंद होत नाही. रोज रात्री बंद करूनही ‘अप टाइम’ नऊ दिवस दिसत होता तो त्यामुळेच. तुलना करायची तर दरवेळी ‘रीस्टार्ट’ करूनच करावी, नाहीतर माझ्या पहिल्या आठवड्यासारखे आकडे निघतात, ज्यांना अर्थ नसतो.

खरा फरक पडला तो टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीने. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, संगणक सुरू होताना कोण कोण सोबत उठतं ते समोर. चौदा नावं होती. ‘इम्पॅक्ट’च्या रकान्यात ‘हाय’ लिहिलं असेल तर त्या प्रोग्रामने सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन घेतलेलं असतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण फिरत्या डिस्कचं वाचणारं डोकं एका वेळी एकाच जागी जाऊ शकतं, आणि दहा जण एकदम हाका मारायला लागले की त्याचा सगळा वेळ इकडून तिकडे धावण्यात जातो. मी चारच ठेवली : अँटिव्हायरस, आवाजाचं, मराठी टायपिंगचं आणि फोटो क्लाउडवर चढवणारं. आकडा आला १ लाख ३४ हजारांवर. अर्ध्या तासाचं काम.

बंद केलेल्यांपैकी तीन एकाच प्रिंटरची होती : शाई किती उरली ते बघणारं, स्कॅनिंगचं आणि अपडेट शोधणारं. तो प्रिंटर घरातून जाऊन दोन वर्षं झाली होती! बरं, अपडेटवालं बंद करूनही महिन्याभराने पुन्हा हजर. शेवटी ‘ऑटोरन्स’ लावलं. सिसइंटर्नल्सचं हे छोटं, फुकट साधन मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांचं, २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे. टास्क मॅनेजर दाखवत नाही ते सगळं यात दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आधी वापरायची, नाहीतर जीव घाबरतो. आमचे पाहुणे टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या यादीत, दडून बसले होते आणि तिथून स्वतःला पुन्हा यादीत घालत होते. खूण काढली, मग तो सगळा संचच अनइन्स्टॉल केला. खरं म्हणजे तेच आधी करायला हवं होतं.

क्रोमसारखा ब्राउझर खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहू शकतो. ते त्याच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’खाली बंद करता येतं. पुढचा विषय सर्व्हिसेसचा, आणि तिथे मी तोंडावर आपटले.

घरात प्रिंटर नाही, तर छपाईची कामं रांगेत लावणारं ‘प्रिंट स्पूलर’ कशाला, म्हणून डिसेबल केलं. २०२१ मध्ये त्यातली सुरक्षेची मोठी चूक गाजली होती, त्यामुळे आपण शहाणपणाच करतोय असंही वाटलं. चार महिन्यांनी रात्री अकरा वाजता लेकीला प्रकल्पाची पीडीएफ हवी होती. प्रिंटची खिडकी उघडली तर प्रिंटरची यादीच रिकामी. पीडीएफ करणारा तो खोटा प्रिंटरसुद्धा स्पूलरवरच चालतो, हे मला कुठे ठाऊक! तासभर ड्रायव्हर काढ-घाल झाली. ‘आई, तूच काहीतरी बंद केलं असशील,’ असं ती म्हणाली तेव्हा, काय काय बंद केलं ते मी लिहून ठेवत होते ती वही उघडली, आणि तारखेसकट लिहिलेलं सापडलं. ती वही नसती तर मी विंडोज पुन्हा टाकायला निघाले होते.

‘सिसमेन’ नावाची सर्व्हिसही बंद करून बघितली. व्हिस्टाच्या काळात त्याला सुपरफेच म्हणायचे. आपण काय वापरतो ते शिकून ते आधीच रॅममध्ये आणून ठेवतं. बंद केल्यावर पहिली दोन मिनिटं डिस्क शांत, पण नंतर नेहमीचे प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना रखडायला लागले. पंधरा दिवसांनी परत चालू केलं. विंडोजची अँटिव्हायरस बंद करायचे सल्लेही मिळतात. मी तिला हात लावला नाही. सर्व्हिसेसमध्ये एवढं खटपटून आकडा आला १ लाख २९ हजारांवर. पाच सेकंद, आणि त्याबदल्यात ती एक रात्र.

सातव्या महिन्यात जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवला. ३४ सेकंद. माझी सगळी मेहनत एका दुपारीत फिकी पडली. खुमखुमी म्हणून स्टार्टअपमधलं जेवढं शिल्लक होतं ते सगळं एक दिवस पुन्हा चालू केलं : ४३ सेकंद. एसएसडीवर छाटणीची किंमत नऊ सेकंद, फिरत्या डिस्कवर अडीच मिनिटं. तुमच्याकडे आधीच एसएसडी असेल तर स्टार्टअपची यादी बघा, न वापरलेले प्रोग्राम काढा आणि तिथेच थांबा. सर्व्हिसेसमध्ये शिरू नका.

मी अजूनही महिन्यातून एकदा यादी बघते, ते वेगासाठी नाही, तर घरात कोण येऊन बसलंय ते कळावं म्हणून. काल एक नवं नाव दिसलं, व्हिडिओ मीटिंगचं. लेकीने परवा एकदाच वापरलं होतं. बंद केलं, वहीत तारीख टाकली, आणि या वेळी तिलाही सांगितलं.