अमेरिकेत पाठवलेला कॅटलॉग परत कुठे यावा: भाच्याचं घर, भाड्याचा मेलबॉक्स की गोदाम?

अमेरिकेतल्या छोट्या हॉटेलांना आणि दुकानांना टॉवेलचे कॅटलॉग टपालाने पाठवायचे आहेत. पाकिटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो त्या जागी, काय छापायचं? सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोघातिघांनी मला हे विचारलं. मी तीन प्रकारचे पत्ते वापरून बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोलापुरातून तिकीट लावून पाठवलेल्या पाकिटावर अमेरिकेतला पत्ता छापून फारसं साधत नाही. परदेशी टपाल पोहोचलं नाही तर ते जिथून निघालं त्या देशाकडे परत धाडायचं, अशी सर्वसाधारण रीत आहे. तिथला पत्ता खरा कामाला येतो तो पाकीटही तिथल्याच पोस्टात पडतं तेव्हा. म्हणून मी हे धरून चाललोय की कॅटलॉगची फाइल तुम्ही इथून पाठवणार आणि छपाई, पाकिटं, टपाल हे सगळं तिकडचं मेलिंग हाऊस करणार.

आता पाकीट परत येतं कधी, ते पाहू. अमेरिकी पोस्टाचं नेहमीचं पत्रांचं टपाल म्हणजे फर्स्ट-क्लास मेल; ते पोहोचलं नाही तर जादा पैसे न घेता परत मिळतं. जाहिरातींसाठीचं घाऊक टपाल, म्हणजे मार्केटिंग मेल, स्वस्त पडतं, पण एका खेपेला किमान २०० नग किंवा ५० पौंड वजन लागतं, आणि न पोहोचलेलं पाकीट पोस्ट नष्ट करून टाकतं. ते परत हवं असेल तर पाकिटावर ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ (परत पाठवा) अशी सूचना छापायची आणि परत येणाऱ्या प्रत्येक नगाचे पैसे मोजायचे. ही सूचना छापली की परतीचा पत्ता अमेरिकेतलाच लागतो. पैसे मोजावे का? निदान पहिल्या खेपेला मोजावे, असं माझं मत आहे. परत आलेलं प्रत्येक पाकीट यादीतला एक बंद पत्ता दाखवतं, आणि तो पत्ता काढला नाही तर दर खेपेला त्याच्यावर छपाई आणि टपाल वाया जातं.

बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते नातेवाइकाचं घर. मलाही तेच सुचलं. भाचा न्यू जर्सीत एडिसनला. ‘मामा, माझाच पत्ता टाका की,’ म्हणाला. टाकला. काही महिने बरं चाललं, मग त्याने भाड्याचं घर बदललं. पोस्टात पत्ताबदल त्याने केला तो स्वतःच्या नावाने. आमच्या फर्मचं नाव त्यात नव्हतं, त्यामुळे फर्मच्या नावाची पाकिटं नव्या घरी येईनात. ती गेली कुठे, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. पुढे तो नवा पत्ता छापला, तर एका बायरने तोच आमचा ऑफिसचा पत्ता समजून नापसंत मालाची दोन खोकी तिथे पाठवली. भाचा कामावर होता. भाचेसुनेने ती एकटीने जिन्यावरून वर नेली, आणि तिला तेव्हा सातवा महिना होता. आम्हाला हे नंतर बहिणीकडून कळलं. ते दोघं एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. नात्यातला पत्ता फुकट मिळतो असं कोणी म्हटलं की मला ती खोकी आठवतात.

पोस्टाचा पीओ बॉक्स इथे बसून घेणाऱ्याच्या कामाचा नाही. टपाल काढायला कोणीतरी तिथे जायलाच हवं.

मेलिंग हाऊसचाच पत्ता छापायचा, हा दुसरा मार्ग. काम शून्य. पण परत आलेल्या पाकिटांची नावं ते देतात की नुसता आकडा सांगतात, हे आधी लेखी विचारून घ्या. आम्हाला एका ठिकाणी आकडाच मिळाला, आणि आकड्यावरून यादी दुरुस्त होत नाही.

मी आता वापरतो तो भाड्याचा खासगी मेलबॉक्स. पाकीट आलं की बाहेरून स्कॅन करून दाखवतात. मग उघडायचं, फाडायचं की पुढे पाठवायचं ते आपण सांगायचं. सुरुवातीला थोडा व्याप आहे. आपलं टपाल मेलबॉक्सवाल्याने घ्यावं अशी परवानगी देणारा अमेरिकी पोस्टाचा फॉर्म १५८३ भरावा लागतो, ओळखीची दोन कागदपत्रं लागतात (पासपोर्ट चालतो, राहत्या पत्त्याचा पुरावा वेगळा), आणि सही नोटरीसमोर किंवा मेलबॉक्सवाल्यासमोर करायची. व्हिडिओ कॉलवरही होते, त्यामुळे खुर्ची सोडावी लागत नाही. फॉर्मवर फर्मचं नाव न विसरता लिहा. पत्त्यात ‘पीएमबी’ (प्रायव्हेट मेलबॉक्स) किंवा ‘#’ लिहून आपला क्रमांक घालणं सक्तीचं आहे. पाकीट देखणं दिसावं म्हणून डिझायनरने तो गाळला, तर टपाल अडकतं.

यात एक मेख आहे. हा मेलबॉक्स सोडला तर पोस्ट तिथून पत्ताबदल नोंदवून घेत नाही. टपाल पुढे पाठवायचं ते मेलबॉक्सवाल्यानेच, तेही काही महिनेच. म्हणून महिन्याचं भाडं थोडं कमी आहे एवढ्यावर भुलू नका. जो वर्षानुवर्षं ठेवता येईल, तो घ्या. आणि कितव्या नगापासून जादा आकार लागतो, खोकं आलं तर रोजचं भाडं किती, हे वाचून घ्या.

परत येणारी वस्तू कागद नसून माल असेल, तर मात्र गोदामच लागतं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची आयातशुल्काची माफी अमेरिकेने काढून घेतली, तेव्हा एकेक टॉवेलसेट इथून पाठवण्याऐवजी एकगठ्ठा माल तिकडे ठेवायचा विचार आपल्याकडे बरेच जण करतायत. गोदामवाला परतीचा माल मोजतो, तपासतो, पुन्हा रॅकवर लावतो. पण ज्या राज्यात माल ठेवाल तिथे विक्रीकराची नोंदणी मागे लागू शकते. अमेरिकी कर जाणणाऱ्या सीएला विचारल्याशिवाय करार करू नका. नुसत्या कॅटलॉगसाठी हा खटाटोप कशाला?

ब्रिटनला पाठवणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की पाकिटावर परतीचा पत्ता नसेल, तर न पोहोचलेलं टपाल रॉयल मेल बेलफास्टच्या केंद्रात नेऊन उघडतं. तिथेही भाड्याचा पत्ता मिळतो.

पत्ता ठरला तरी सगळी पाकिटं लगेच छापू नका. मेलिंग हाऊसला आधी दोनच फर्स्ट-क्लास पाकिटं टाकायला सांगा: एक थेट तुमच्या नव्या मेलबॉक्सच्या पत्त्यावर, दुसरं बंद पडल्याचं नक्की माहीत असलेल्या एखाद्या दुकानाच्या नावाने. दुसरं परत येऊन त्याचा स्कॅन तुम्हाला सोलापुरात किती दिवसांत दिसतो, ते तारखेसकट लिहून ठेवा, आणि मगच बाकीच्या छपाईला हो म्हणा.