इंदूर–पुणे: विमान की रेल्वे?

सरळ रेषेत इंदूर–पुणे अंतर साधारण ५०० किमी. विमान ते सव्वा तासाच्या आसपास कापतं. विमानतळावर आधी पोहोचणं आणि पुण्यात लोहगाव विमानतळावरून घर गाठणं धरलं, तरी अर्ध्या दिवसात काम होतं.

रेल्वेचं गणित वेगळंच. थेट दक्षिणेला रूळ नाहीत, म्हणून गाडी रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण, लोणावळा असा वळसा घेते. ९०० किमीहून जास्त! अख्खी रात्र त्यात जाते. २०२४ मध्ये मंजूर झालेला ३०९ किमीचा इंदूर–मनमाड मार्ग लवकर व्हावा, असं इंदूरमधल्या मराठी घरांना मनापासून वाटतं.

तोवर आजी-आजोबा सोबत असतील तर विमानच घ्यावं. लग्नाचं सामान असेल तर मात्र रेल्वे बरी.