‘भाषेची अट नाही’ : दुबईच्या नोकरीपायी गेलेले एक लाख बेचाळीस हजार

मी सोलापूरचा. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि हिंदी, आणि कर्नाटकातून माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांशी कामापुरतं कन्नड. म्हणजे तोंडात चार भाषा. दहावीला मात्र इंग्रजीत गेलो, आणि परत बसलो नाही. फसलास कसा, असं लोक विचारतात तेव्हा मी गोष्ट तिथूनच सुरू करतो.

वीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली. मजुरी नगावर. सूत महागलं की बसून, ऑर्डर नाही की बसून, लाईट गेली की बसून. बायको बिड्या वळते, तिचा हिशेब हजारावर. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वस्तीत राहतो, दोन पोरं शाळेत. उपाशी कधी राहिलो नाही, पण शिल्लकही कधी राहिली नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर एक कागद चिकटवलेला दिसला. दुबईत पॅकिंग हेल्पर पाहिजेत. भाषेची अट नाही, अनुभवाची अट नाही, राहणं-जेवण फ्री, पगार १८०० दिरहम. तेव्हा दिरहम बावीस रुपयांच्या वर होता, म्हणजे महिना चाळीस हजार. कारखान्यातला एक जण म्हणाला, “काय बे, हितं धोट्याचा खडखडाट ऐकत म्हातारा होणार का?” मी हसलो, पण नंबर लिहून घेतला.

ऑफिस एका कॉम्प्लेक्सात, दुसऱ्या मजल्यावर. एसी, विमानाचं मोठं पोस्टर, आणि भिंतीवर फ्रेम केलेलं लायसन. माणूस आमच्याच बोलीतला निघाला. तेलुगूत “या अण्णा, बसा” म्हणाला आणि मी तिथंच निम्मा पघळलो. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “इंग्रजी वाचता येतं का?” मी मान खाली घालून नाही म्हटलं. तो म्हणाला, “काही हरकत नाही, तसलीच माणसं पाहिजेत.” मला वाटलं, माणूस दिलदार आहे.

पैसे एकदम मागितले नाहीत. एकदम दीड लाख मागितले असते तर मी जिना उतरलो असतो. आधी फाईलचे ५,०००. मग मेडिकलचे ७,५००. मग ऑफर लेटर आलं म्हणून ४०,०००. व्हिसाचे ६०,०००. शेवटी तिकिटाचे ३०,०००. प्रत्येक वेळी मागचे पैसे बुडतील या भीतीनं पुढचे भरत गेलो. पहिल्या पाच हजारांसाठी भिशी उचलली, मग मालकाकडून उचल, मग बायकोचं गंठण पतसंस्थेत. थोडे रोख दिले, थोडे यूपीआयवर, आणि दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं आकडा लिहून सही केली. ती कार्डं अजून माझ्याकडं आहेत, पण त्या सहीत नाव कुठलं आहे ते कुणालाच वाचता येत नाही.

‘क्लायंट इंटरव्ह्यू’ही झाला. लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल, पलीकडं टाय बांधलेला माणूस. तो इंग्रजीत विचारायचा आणि एजंट शेजारून हळूच म्हणायचा, “येस म्हणा.” मी येस म्हणायचो. दहा-बारा वेळा म्हटलं असेल. कशाकशाला येस म्हटलं, ते मला आजही माहीत नाही. कॉल संपल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला, “सिलेक्ट झालात अण्णा.” मी येताना पेढे घेऊन आलो.

मग कागद आले. एक ऑफर लेटर, एक व्हिसा. सगळं इंग्रजी आणि अरबी, वर छान शिक्का. आमच्या गल्लीत नववीत शिकणारी एक पोरगी आहे, सेमी इंग्रजीला. तिच्या घरी मी सणाला जातो, तिचे वडील माझ्याच कारखान्यात. तिच्याकडं कागद घेऊन जायला मला पाच मिनिटं लागली नसती. पण चाळिशीला टेकलेला माणूस, परदेशी चाललाय म्हणून गल्लीत मान उंच करून फिरतोय, तो शाळकरी पोरीला म्हणणार काय, हे वाच म्हणून? आणि एजंटनं बजावलं होतंच, “व्हिसा कुणाला दाखवू नका, लोक कान भरतात.” मला ते पटलंही, कारण मला दाखवायचाच नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं एक नवीन गोष्ट पढवली. एअरपोर्टवर कुणी विचारलं तर कामाला चाललोय म्हणायचं नाही. मावसभाऊ दुबईत आहे, त्याच्याकडं फिरायला, दहा दिवस. “सगळेच असं सांगतात, फॉर्मॅलिटी आहे.” सरळ कामासाठी खोटं कशाला बोलायचं, हे मनात आलं होतं. पण गंठण पतसंस्थेत होतं आणि बॅग भरली होती.

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. स्टेशनवर सोडायला आठ-दहा माणसं, हार वगैरे. बायकोनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. माझ्याबरोबर आणखी दोघं होते, एक अक्कलकोटकडचा, एक मंद्रूपकडचा. दोघंही पंचविशीच्या आतले, दहावी पास.

मुंबईच्या एअरपोर्टवर ते दोघं पुढं गेले. माझा पासपोर्ट बघून मात्र काउंटरवरच्या साहेबांनी मला थांबवलं. दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट ‘ईसीआर’ असतो, म्हणजे काही देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची मंजुरी लागणारा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साहेबांनी हिंदीत विचारलं, कुठं, किती दिवस, कुणाकडं, खर्चाला किती पैसे. मी पोपटासारखं सांगितलं. मग त्यांनी माझाच कागद माझ्यापुढं सरकवला. “यावर हॉटेलचं नाव आहे. वाचा.”

मावसभावाकडं चाललोय म्हणणाऱ्या माणसाच्या कागदावर हॉटेल. आणि ते मला वाचता येईना. मी त्या अक्षरांकडं बघत उभा राहिलो, मागं रांग, आणि कानशिलं तापलेली. दहावीच्या पेपरात झालं होतं तसंच.

त्यांनी मला बाजूला बसवलं आणि दोनेक तासांनी परत पाठवलं. मी बाहेर येऊन त्या साहेबांना काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एजंटला फोन लावला तर तो उलट माझ्यावर चढला. “तुम्ही नीट बोलला नाहीत. आता पुन्हा फाईल टाकावी लागेल, २५ हजार.” खरं सांगतो, मी ते भरणार होतो. चूक माझी, मला बोलता आलं नाही, असंच वाटत होतं. घरी बायकोनं ऐकून घेतलं, एक शब्द बोलली नाही, आणि कागद उचलून सरळ त्या नववीच्या पोरीकडं गेली. परत आली तेव्हा पोरगीही बरोबर होती. ती चाचरत म्हणाली, “काका, यात नोकरीचं काहीच नाही. टुरिस्ट लिहिलंय. ३० दिवस.” ऑफर लेटरवरचा ईमेल पत्ताही कंपनीचा नव्हता, साधा जीमेलचा होता.

पुढं गेलेल्या दोघांचं मग कळलं. दुबईत कामगारांच्या वस्तीला आपले लोक सोनापूर म्हणतात, तिथल्या एका खोलीत त्यांना ठेवलं. सोलापूरहून सोनापूरला, असा विनोद मंद्रूपचा पोरगा नंतर करायचा, पण तेव्हा तो रोज रात्री आईला फोन करून रडत होता. पॅकिंगची कंपनी नव्हतीच. रोज वेगळ्या ठिकाणी न्यायचे, पगार “व्हिसा बदलला की” मिळेल म्हणायचे, आणि बदलायला आणखी पैसे. तिथं मुदत संपल्यावर थांबलं तर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. घरच्यांनी शेरडं विकून तिकीट पाठवलं. अक्कलकोटचा कसा आला ते तो सांगत नाही.

नियम मला कळले ते कोर्टासमोर टायपिंग करणाऱ्या एका काकांकडून. ते माझा तक्रार अर्ज टाईप करताना मध्येच थांबून विचारायचे आणि मग सांगायचे. परदेशी नोकरीला माणसं पाठवायला १९८३ च्या कायद्यानं लायसन लागतं. ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नंबर टाकून तपासता येतं, चालू आहे की रद्द झालंय तेही दिसतं. माझ्या एजंटच्या भिंतीवरचं लायसन मुंबईच्या कुठल्या तरी फर्मचं होतं आणि तो स्वतःला त्यांची ‘सब-एजन्सी’ म्हणवायचा. असं सब-एजंट ठेवायची कायद्यात मुभाच नाही. एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००, आणि त्याची पावती द्यावी लागते. मी चौपट दिले होते, व्हिजिटिंग कार्डावर.

माझ्यासारख्या ईसीआर पासपोर्टवाल्याला आखातासह १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. त्यासाठी मालकाचा करार ई-मायग्रेटवर नोंदवावा लागतो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांसाठी त्याचा हप्ता २७५ रुपये. माझ्या दीड लाखाच्या आसपासच्या हिशेबात हे २७५ कुठंच नव्हते. टुरिस्ट व्हिसावर पाठवलं की या सगळ्याला बगल मिळते, म्हणून तर मावसभाऊ जन्माला घातला होता.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. यूएईत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथं, नोकरीची ऑफर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यात असते. अरबी आणि इंग्रजीबरोबर ती कामगाराला कळेल अशा तिसऱ्या भाषेतही देतात, आणि त्या भाषांच्या यादीत हिंदी आहे. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाही तिथल्या मालकाला बंदी आहे. म्हणजे खरी नोकरी असती तर कागद देवनागरीत माझ्या हातात आला असता. मी माझ्या डोळ्यांनी, कुणाला न विचारता, एकेक ओळ वाचली असती. इंग्रजी नसलं तरी हरकत नाही, हे एजंट खोटं बोलत नव्हता, तिथं हिंदीवर काम भागतं. हजारो माणसं हेल्पर म्हणून हिंदीवरच दिवस काढतात. त्यानं माझ्यातली उणीव कामासाठी नाही, कागदासाठी निवडली होती.

तक्रार दिली आहे, तपास चालू आहे. मध्ये एका मध्यस्थामार्फत दोन वेळा मिळून २०,००० परत आले, मग तो फोनही बंद. ऑफिसच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. यूपीआयनं पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला असता तर खातं गोठवता आलं असतं, असं पोलीस ठाण्यात सांगितलं. मी तोवर पेढे वाटत होतो. बाहेर जायचा विचार असणाऱ्यांसाठी प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा फुकटचा नंबर आहे. पैसे भरायच्या आधी लावायचा असतो, एवढंच.

गेल्या महिन्यात त्याच टपरीवर नवा कागद लागला. आता जर्मनी. आपल्या राज्य सरकारनं २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी जर्मनी आहे. पण त्या करारात आधी जर्मन भाषा शिकवायचं ठरलंय. या कागदावर खाली तीच जुनी ओळ आहे, भाषेची अट नाही. नंबर वेगळा. मी फोटो काढला, त्या पोरीकडून कागदावरचा इंग्रजी मजकूर वाचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी टायपिंगवाल्या काकांकडं जाऊन तो आमच्या अर्जाला जोडायला दिला. टपरीवाला म्हणाला, सकाळपासून चार पोरांनी नंबर लिहून घेतलाय. त्यातल्या दोघांना मी ओळखतो, संध्याकाळी त्यांच्या घरी जाणार आहे.