कळसूबाई की हरिश्चंद्रगड : मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड एकाच अभयारण्यात येतात. तरीही मुंबईहून निघणाऱ्याने दोहोंपैकी एकाची निवड उंचीवरून न करता हाताशी असलेल्या वेळेवरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कळसूबाई १६४६ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. कसाऱ्यापर्यंत लोकल, तेथून घोटीमार्गे गाडीने बारी गाव, आणि पुढे मळलेली वाट. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या असल्याने नवख्यालाही एका दिवसात जाऊन येता येते. मात्र पावसाळी शनिवार-रविवारी याच शिड्यांच्या तोंडाशी गर्दी तुंबते आणि ओल्या पायऱ्यांवर ताटकळणे धोक्याचे ठरते. माथा लहान आहे, त्यावर देवीचे छोटे मंदिर आहे. हिवाळ्यातील स्वच्छ हवेत अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि भंडारदऱ्याचा जलाशय लख्ख दिसतो. ऐन पावसात यातले बहुतेक ढगांत जाते.

हरिश्चंद्रगडाचे तारामती शिखर कळसूबाईहून सुमारे दोनशे मीटरने कमी, पण गडाचा पसारा फार मोठा आहे आणि तो धावत पाहणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर, पुष्करणी आणि केदारेश्वराची गुहा यांतच अर्धा दिवस सहज जातो. त्या गुहेत चारही बाजूंनी पाणी असलेल्या भव्य शिवलिंगाभोवती मूळ चार खांब होते. आज त्यांतला एकच उभा आहे, आणि कमरेइतक्या गार पाण्यात उतरल्यावर तो जवळून पाहता येतो. कोकणकडा तर आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा. पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुके असा योग जुळला, तर तेथे इंद्रवज्र, म्हणजे वर्तुळाकार इंद्रधनुष्यही दिसते.

वाटांपैकी पाचनईची सर्वांत सोपी, पण मुंबईहून त्या गावापर्यंतचा प्रवास लांबचा. कल्याणहून एसटीने माळशेज घाट चढून खुबी फाट्याला उतरले, की खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट धरता येते; ती अधिक दमवणारी आहे. कोकणकड्याशेजारच्या खड्या घळीतून चढणारी नळीची वाट अनुभवी गिर्यारोहकांसाठीच आहे, आणि पावसाळ्यात त्यांनीही ती टाळावी.

म्हणून एकच सुटी असेल, तर कळसूबाई, शक्यतो आडवारी. मुक्कामाची तयारी असेल, तर मी निःशंकपणे हरिश्चंद्रगड सुचवेन.