गुलमर्गचं ‘फुल डे’ स्कीइंग: बारानंतरचा बर्फ कुणी विकला तर घेऊ नका

मार्चअखेरीस गुलमर्गला स्कीइंग करायचं मनात असेल तर तिथल्या बर्फाचं वेळापत्रक आधी समजून घ्या. त्या दिवसांत बर्फ रात्री गोठतो, त्यामुळे भल्या सकाळी तो काचेसारखा टणक आणि घसरडा असतो. ऊन चढलं की वरचा थर मोकळा, दाणेदार होतो. नवशिक्यांना शिकायला हीच वेळ सगळ्यात चांगली, आणि ती जेमतेम दोन-अडीच तास टिकते. बारा वाजून गेले की पायथ्याच्या उतारांवर गोळेवाल्यानं किसलेल्या बर्फात पाक ओतावा तसा रबरबाट होतो. आम्हाला ज्यानं गंडवलं त्याला हे वेळापत्रक तोंडपाठ होतं, आम्हाला नव्हतं.

गुलमर्गच्या खाली, टंगमर्गला ड्रायव्हरनं गाडी थेट एका दुकानासमोर उभी केली. “ऊपर बहुत बर्फ है मॅडम, गमबूट के बगैर जाने नहीं देंगे.” ऐन थंडीत हे थोडंफार खरं असेल. बर्फ पडत असताना चाकांना साखळ्या नसलेल्या गाड्याही तिथंच अडवतात. पण आम्ही गेलो तेव्हा वरपर्यंतचा तेरा किलोमीटरचा रस्ता कोरडा ठणठणीत होता. चौघांचे कोट आणि गमबूट भाड्यानं घेतले. ते पैसे फार नव्हते, सोडून देते.

आम्हाला खरं गंडवणारा माणूस भेटला तो गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या पायथ्याशी. आधी “तिकीट मिळणार नाही, मी काढून देतो” म्हणाला. आमची तिकिटं आधीच ऑनलाइन काढलेली होती, त्यामुळे तो डाव फसला. मग स्कीइंगचा विषय निघाला. गळ्यात लॅमिनेट केलेलं ओळखपत्र होतं, त्यावरची तारीख अंगठ्याखाली. आपण खेलो इंडियात खेळलो आहोत असंही सांगून झालं. २०२० मध्ये गुलमर्गला त्या हिवाळी स्पर्धा झाल्या, आणि तिथल्या बाजारात भेटणारा जवळपास प्रत्येक जण त्यात खेळलेला असतो! ठरलं ते असं: माझी नणंद आणि हे, दोघांचे मिळून साडेचार हजार, “फुल डे, सब कुछ शामिल”. शिवाय सामानाचं डिपॉझिट पाच हजार रोख.

तेव्हा नऊ वाजले होते. हे म्हणाले, चला तर मग, सुरू करू. त्यावर तो म्हणाला, “अभी बर्फ सख्त है सर, चोट लगेगी. पहले गोंडोला कर लीजिए.” हे वाक्य अर्धं खरं होतं, म्हणूनच पटलं. बर्फ टणक होता, पण तासाभरात तो मोकळा होणार होता. नेमक्या त्या वेळात आम्ही पहिल्या टप्प्यावर, कोंगदूरीला, साधारण तीन हजार मीटरवर मॅगी खात बसलो होतो. आमच्या वाट्याच्या स्की तेवढ्या वेळात आणखी कुणाच्या तरी पायात होत्या. बूट हातात आले तेव्हा आतलं अस्तर ओलंकिच्च आणि गरम होतं.

खाली आलो तेव्हा साडेबारा झालेले. ढिगातून बूट काढून दिले, नंबर विचारला, वजन विचारलं नाही. हे लक्षात ठेवा. बूट स्कीला धरून ठेवणारा जो खटका असतो तो माणसाच्या वजनानुसार आणि सरावानुसार घट्ट-सैल करावा लागतो, म्हणजे पडल्यावर स्की सुटते आणि पाय वाचतो. वजन न विचारता स्की देणारा माणूस तुमच्या गुडघ्याशी जुगार खेळतोय. ह्यांची स्की पडताना सुटली नाही. गुडघा पिरगळला, महिनाभर पट्टा बांधून ऑफिसला गेले.

शिकवायला तो स्वतः आलाच नाही. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा पाठवला. पोरगं गुणी होतं, “पिझ्झा, पिझ्झा!” ओरडत स्कीची पुढची टोकं पिझ्झाच्या तुकड्यासारखी जवळ आणून वेग कसा कमी करायचा ते जीव तोडून दाखवत होतं. पण त्या रबडीत स्की पुढं सरकेचना, वेग कमी करायचा कशाचा? ठिकठिकाणी गवत आणि दगड वर आलेले. पाऊण तासानं तो ओशाळून म्हणाला, टाइम खतम. ‘फुल डे’ म्हणजे एक तास, आणि शिकवण्याचे पैसे वेगळे, असं मालकानं सांगितलंय. त्याला स्वतःला दिवसाचे किती मिळतात ते नणंदेनं विचारलं, आणि आकडा ऐकून आम्हीच गप्प झालो.

सगळ्यात मोठा घाव डिपॉझिटचा. दुकानात त्या माणसानं स्की उलटी केली, तळावरून नख फिरवत आणलं आणि एका रेघेवर थांबला. “बेस कट गया.” पाच हजार विसरा. मी स्की उजेडात धरली. ओरखडे होते, पण बहुतेकांत काळा मळ घट्ट बसलेला. पाऊण तासात एवढा मळ कुठून येणार? एकच रेघ ताजी, पांढुरकी होती. हंगामाच्या शेवटी दगडांवरून नेलेल्या स्कीला ओरखडा पडणारच, आणि म्हणूनच तेव्हा डिपॉझिटचा धंदा जोरात चालतो. मी मोबाइलवर त्या मळक्या रेघांचे जवळून फोटो काढू लागले आणि म्हटलं, आता हे घेऊन पोलिसांकडे जाऊ. आवाज खाली आला. तीन हजार परत मिळाले, दोन बुडाले. साडेचार हजारांचं तर नावच काढलं नाही त्यानं.

संध्याकाळी श्रीनगरला आमच्या हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकांना हे सांगितलं, तर ते आमच्याहून जास्त चिडले. यामुळे सगळ्यांचंच नाव खराब होतं म्हणाले. खरं आहे. म्हणून “काश्मीरला जाऊच नका” वगैरे मी म्हणणार नाही.

जाणार असाल तर गुलमर्गलाच मुक्काम करा. श्रीनगरहून सकाळी निघून स्कीइंगची चांगली वेळ गाठणं कठीण जातं. नीट शिकायचं असेल तर तिथं केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिचे काही दिवसांचे अभ्यासक्रम हिवाळ्यात असतात, त्यांची चौकशी महिने आधी करा. एका दिवसाचीच हौस असेल तर सुरू व्हायची वेळ, किती तास, शिकवणार कोण, बूट-काठ्या धरून एकूण किती, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि समोरच्याकडून ‘ओके’ आल्याशिवाय पैसे देऊ नका. डिपॉझिट रोख देऊ नका. स्की पायात घालण्याआधी दुकानदारासमोर दोन्ही उलट्या करून तळाचा व्हिडिओ काढा, आणि त्यात त्याचा चेहरा येऊ द्या.